कार्ब्युरेटर उघडल्यानंतरचे आठ दिवस

माझ्या नवऱ्याने मला पहिल्यांदा मारलं ते मोटरसायकलच्या एका स्क्रूवरून. लग्नाला दोन महिने झाले होते. तो विम्याच्या कचेरीत अधिकारी होता, बदली होऊन जयपूरला आलेला, आणि आम्ही प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. त्या संध्याकाळी त्याचे दोन सहकारी चहाला आले होते. निघताना सगळे खाली अंगणात उभे होते, त्याने गाडी चालू करून ठेवली होती आणि ती पुन्हा पुन्हा बंद पडत होती.

मी सहज म्हणाले, "अहो, स्लो कमी झालाय. तो पितळी स्क्रू अर्धा फेरा आत घ्या, मग बंद पडणार नाही."

त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण एका सहकाऱ्याने वाकून स्क्रू फिरवला आणि गाडी शांतपणे धडधडत राहिली. तो हसून म्हणाला, "भाभीजी तो मिस्त्री निकलीं!" माझा नवराही हसला. पाहुणे गेले, आम्ही वर आलो, त्याने दाराला कडी घातली आणि माझ्या कानशिलात मारली. इतक्या जोरात, की मी चपलांच्या रॅकवर जाऊन पडले.

"चारचौघांत परत शहाणपणा केलास तर बघ," तो म्हणाला. मग हात धुऊन टीव्ही लावून बसला.

मी भुसावळची. वडील रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. रविवारी क्वार्टरसमोर गोणपाट अंथरून ते स्कूटर खोलायचे आणि मला शेजारी बसवायचे. भाऊ क्रिकेटला पळायचा, मी बसायचे. सुटे भाग कुठल्या क्रमाने ठेवायचे, पेट्रोल सोडणारा बारका जेट उजेडाकडे धरून त्यातलं भोक कसं बघायचं, इंजिनाचा आवाज बदलला तर आधी काय तपासायचं, हे मी तिथे शिकले. स्कूटर शिकले, नंतर भावाची मोटरसायकलही. सासरी हे सगळं गुण म्हणून सांगितलं गेलं नव्हतं, दोष म्हणूनही नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

त्या पहिल्या थपडेनंतर दीड वर्षात मी पुष्कळ मार खाल्ला. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून, फोन उचलायला उशीर झाला म्हणून, हसले म्हणून, हसले नाही म्हणून. एकदा त्याने पट्ट्याने मारलं आणि बक्कल लागून पाठीवर खोक पडली. मी टाके घालून घ्यायला गेले तेव्हा डॉक्टरांना सांगितलं, जिन्यावरून पडले. डॉक्टर म्हणाले, "सीढ़ी बड़ी नुकीली है आपके यहाँ." नर्स हसली. मीही हसले.

आमच्या खाली घरमालकीण राहायची. साठीची विधवा, डोक्यावरच्या ओढणीचा पदर कधी ढळू न देणारी, मला 'बीनणी', म्हणजे सूनबाई, म्हणायची. तिला सगळं ऐकू जात असणार. ती कधी काही बोलली नाही, पण माराच्या दुसऱ्या दिवशी तिच्याकडून वाटीभर कढी यायची. मला त्या कढीचा राग यायचा.

तर तो फेब्रुवारीतला रविवार. गाडी ॲव्हरेज देत नाही, असं नवऱ्याच्या मनाने घेतलं होतं. मिस्त्री लोक चोर असतात, आपण स्वतःच कार्ब्युरेटर साफ करू, असं म्हणून तो सकाळी अंगणात बसला. मी चहा घेऊन खाली गेले तर वर्तमानपत्रावर सगळे भाग विखुरलेले. क्रम नाही, काही नाही. एका वाडग्यात पेट्रोल घेऊन त्यात तो ते बुडवत होता आणि माझ्या ब्लाउजची सेफ्टी पिन घेऊन बारक्या जेटमध्ये खुपसत होता. पिनेचं टोक आत मोडलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या लक्षात आलं नाही. मी कप ठेवला आणि वर गेले.

दुपारी त्याने गाडी जोडून किक मारली. इंजिन पेटलं आणि एकदम किंचाळायला लागलं. ॲक्सिलरेटरला हात नसताना पूर्ण जोरात. हवा कमी-जास्त करणारी आतली स्लाइड त्याने उलटी बसवली होती. आवाज इतका भयंकर होता की घरमालकीण बाहेर धावत आली. त्याने घाबरून चावी बंद केली. स्लाइड फिरवून पुन्हा बसवली. आता गाडी चोक ओढला तर चालू व्हायची आणि चोक सोडला की मरायची. त्याने तीस-चाळीस किका मारल्या असतील. शेवटी किक उलटी आली आणि त्याच्या नडगीवर आपटली. रक्त आलं.

मी जिन्यात उभी होते.

"काय बघतेस?" तो ओरडला. "मजा वाटतेय?" तो लंगडत तीन पायऱ्या चढला आणि माझी वेणी धरून त्याने माझं डोकं कठड्यावर आपटलं. घरमालकीण अंगणातच होती. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

त्यानंतर मी अंगण झाडायला घेतलं. वर्तमानपत्र उचललं तर त्याला एक काळं रबरी कडं चिकटलेलं होतं, लहान मुलीच्या बांगडीएवढं. ओ-रिंग. कार्ब्युरेटर इंजिनाला जिथे जोडतात तिथल्या खाचेत ती बसते, आणि नसली तर त्या फटीतून इंजिन फुकटची हवा ओढत राहतं. मग गाडी स्लोवर कधीच स्थिर होत नाही. थंड असताना मरते आणि तापली की आपोआप आवाज चढवत जाते. स्क्रू कितीही फिरवा.

मी ती मुठीत घेतली. वर जाऊन त्याला द्यायची होती. खरंच द्यायची होती. पण कपाळावर टेंगूळ आलं होतं, आणि दिली असती तर 'तुला कसं कळलं' यावरून पुन्हा मार पडला असता. मी स्वयंपाकघरात गेले आणि मिसळणाच्या डब्यात मोहरीच्या वाटीत ती दाबून ठेवली. तेव्हा मला भीती वाटत होती असं मी पुढे खूप वर्षं स्वतःला सांगत आले. भीती होतीच. पण तिच्या खाली दुसरंही काही होतं, आणि ते गोड होतं. मला ते तेव्हाही कळलं होतं.

पुढचे पाच दिवस तो त्याच गाडीने कचेरीत गेला. आयडलिंगचा, म्हणजे स्लोचा, तो पितळी स्क्रू त्याने जवळजवळ पूर्ण आत पिळला होता, त्यामुळे ती चालायची, पण सिग्नलला थांबली की एक तर विव्हळत आवाज चढवायची नाहीतर धप्पकन बंद व्हायची. मंगळवारी टोंक रोडवर ती बंद पडली आणि मागून बसवाल्याने हॉर्न वाजवला, तेव्हा याने हेल्मेट काढून बसची काच फोडली. ही गोष्ट त्यानेच मला जेवताना सांगितली, फुशारकीने. बुधवारी पोळी जाड झाली म्हणून ताट माझ्या अंगावर आलं. गुरुवारी काही कारण नव्हतं.

शनिवारी तो नाइलाजाने कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेला. तिथे काय झालं ते मला नंतर त्या मिस्त्रीच्याच तोंडून कळलं. म्हातारा माणूस होता, चाळीस वर्षं तेच काम करणारा. त्याने गाडी चालू केली, कार्ब्युरेटरच्या जोडावर तेलाचे चार थेंब सोडले, तसा इंजिनाचा आवाज एकदम बदलला. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "बाबूजी, आपने खोला था क्या? इसमें तो छल्ला ही नहीं है." टपरीवर चहा पिणारे दोघं-तिघं हसले.

माझ्या नवऱ्याने हेल्मेटने त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर मारलं. दोन दात पडले, ओठ फाटला. मग आजूबाजूच्या गॅरेजांतले लोक धावले आणि त्यांनी याला लोळवून लाथांनी तुडवला. तो गाडी ढकलत घरी आला तेव्हा त्याचा शर्ट फाटला होता आणि एक डोळा सुजून बंद झाला होता. मी पाणी दिलं. त्याने ते प्यायलं, ग्लास भिंतीवर फोडला आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास तो कार्ब्युरेटर खोलून वर घेऊन आला. लोकांच्या नजरेसमोर अंगणात बसायची त्याला लाज वाटत असणार. मी ओट्याशी पोळ्या करत होते. त्याने स्टीलच्या पातेल्यात पेट्रोल ओतलं आणि ते ओट्यावर, शेगडीपासून हातभर अंतरावर ठेवलं.

मी झटकन गॅस बंद केला. "अहो, पेट्रोल आहे. आग लागेल."

"आता हेही मला तू शिकवणार?"

"शिकवत नाही. आग लागेल म्हणाले."

"तुझ्या बापाचं शेड आहे का हे?" त्याने हाताच्या मागच्या बाजूने तोंडात मारली. मी ओट्याला धरायला गेले आणि मिसळणाचा डबा घेऊन खाली पडले. हळद, तिखट, जिरं सगळं फरशीवर. मोहरी गडगडत त्याच्या पायापर्यंत गेली आणि त्या मोहरीत ती काळी रिंग.

तो खाली वाकला. ती बोटांत धरून त्याने बराच वेळ पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"ही तुझ्याकडे होती?"

मी ओट्याला धरून उठले.

"सबंध आठवडा?"

"हो," मी म्हणाले.

त्याने रिंग टाकून दिली आणि ओट्यावरचा चौदाचा पाना उचलला. पहिला घाव मी हाताने अडवला, तो कोपराखाली लागला. मग त्याने पाना टाकला आणि तळहाताने माझ्या डाव्या कानावर मारलं, एकदा, आणि पुन्हा त्याच जागी. आत काहीतरी फाटल्याचं मला कळलं. दुखलं नाही लगेच. फक्त त्या बाजूचं जग बंद झालं आणि एक लांब शिट्टी सुरू झाली. त्याने माझा गळा धरला आणि मला ओट्यावर मागे वाकवलं. त्याचा चेहरा अगदी जवळ होता, एक डोळा सुजलेला, दुसऱ्यात पाणी. तो काहीतरी बोलत होता, पण मला शिट्टीच ऐकू येत होती. श्वास येत नव्हता. तेव्हा माझ्या मनात अगदी स्वच्छ विचार आला की हा आज मला मारून टाकणार आहे.

माझा उजवा हात पातेल्याला लागला. मी ते उचलून त्याच्या तोंडावर उपडं केलं.

तो किंचाळला. दोन्ही हातांनी डोळे धरून भिंतीवर आदळला, मग चाचपडत न्हाणीघराकडे धावला आणि नळ सोडला. मी त्याच्यामागे गेले. न्हाणीघराच्या दाराला बाहेरून कडी होती. मी ती घातली आणि वरून पितळी खिट्टी ठोकली.

आतून आधी शिव्या आल्या, मग दारावर लाथा. दार लोखंडी पत्र्याचं होतं. हाउसिंग बोर्डाने सगळीकडे काटकसर केली होती, तिथे कशी केली नाही कोण जाणे.

मी फरशीवर बसून हळद-तिखटातून रिंग शोधली. सुटा कार्ब्युरेटर, दोन पाने, पेचकस, गाडीची चावी पदरात घेतली. टेबल लॅम्पची वायर कापून त्यातला तांब्याची एक केसासारखी तार काढली. आणि खाली गेले.

घरमालकीण जिन्याच्या तळाशी उभी होती. माझं तोंड, माझा गळा, माझे कपडे, सगळं तिने पाहिलं. वरून दाराचा धडधड आवाज येत होता.

"मर गया के?" तिने विचारलं.

"नहीं. बाथरूम में है."

ती आत जाऊन कपडे बडवायचं धोपटणं घेऊन आली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली, वर तोंड करून. "तू थारो काम कर, बीनणी," ती म्हणाली.

मला रिक्षा करता आली असती. हे मला नंतर पोलिसांनी विचारलं, वकिलांनी विचारलं, माझ्या आईनेही विचारलं. रिक्षा का नाही केलीस? मला एवढंच आठवतं की गाडी दुरुस्त केल्याशिवाय तिथून हलायचं नाही, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मी अंगणात पदर पसरून त्यावर भाग मांडले. आधी बारका जेट काढून उन्हाकडे धरला. पलीकडे उजेडाचा ठिपका दिसायला हवा तो दिसेना. पिनेचं टोक आत तसंच होतं. तांब्याच्या तारेने ते मागच्या बाजूने ढकललं. तार दोनदा वाकली. तिसऱ्यांदा टोक निघालं. मग जेट ओठांत धरून फुंकला, तर फाटलेल्या ओठाला पेट्रोल लागलं आणि डोळ्यांसमोर अंधारी आली. पुन्हा फुंकला. हवा गेली. उन्हाकडे धरला. ठिपका दिसला.

वर काचेचा आवाज झाला. त्याने न्हाणीघराची खिडकी फोडली होती आणि तिथून ओरडत होता, "डोळे गेले माझे! दार उघड! तुला जाळून टाकीन!" आजूबाजूच्या गच्च्यांवर लोक जमले. कुणीतरी विचारलं, "क्या हुआ जी?" घरमालकीण म्हणाली, "आदमी नहा रियो है."

मी स्लाइड खाचेत बरोबर बसवली. रिंग पदराला पुसून तिच्या खाचेत दाबली, कार्ब्युरेटर जागेवर लावला आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले, एकदम एक बाजू नाही. हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत आणि तिथून दीड फेरा बाहेर. त्याने पिळून ठेवलेला आयडलिंगचा स्क्रू सैल केला. पेट्रोलचा कॉक उघडला. चोक ओढला. किक मारली.

दुसऱ्या किकला इंजिन लागलं. मी अर्धा मिनिट थांबून चोक सोडला. मरेल असं वाटलं, एक आचका दिला, पण चालू राहिलं. मी वाकून उजवा कान इंजिनाजवळ नेला, कारण डाव्याने काहीच ऐकू येत नव्हतं. पाव फेरा आत, पुन्हा जरा बाहेर. मग ती एकसारखी चालायला लागली, थकल्यावर माणूस श्वास घेतो तशी सावकाश.

घरमालकिणीने स्वतःची ओढणी माझ्या डोक्याला बांधली. "जा," म्हणाली. "म्हूँ दस मिनिट पाछे खोलस्यूँ." दहा मिनिटांनी दार ती उघडणार होती.

मी खातीपुऱ्याला गेले. वडिलांच्या शेडमधले एक जुने सहकारी काका बदली होऊन तिथे आले होते, काकूंबरोबर रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होते. सबंध शहर ओलांडावं लागलं. टोंक रोड, गोपालपुरा, सोडाला. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, अंगभर हळद आणि रक्त, एका कानात शिट्टी. प्रत्येक सिग्नलला लोक वळून बघत होते. गाडी कुठेही बंद पडली नाही.

काकूंनी दार उघडलं आणि मला पाहून त्यांच्या हातातलं पाखडायचं सूप पडलं. काका म्हणाले, "आधी आत ये. बोलू नको." त्यांनी संध्याकाळी वडिलांना फोन लावला. वडील म्हणाले, "गाडी तिथेच ठेव. मी निघतो."

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घ्यायला दोन दिवस लावले. तोवर नवऱ्याने माझ्याविरुद्ध लिहून दिलं होतं, गाडी चोरली आणि डोळ्यांत पेट्रोल टाकून जीवे मारायचा प्रयत्न केला. त्याचे डोळे गेले नव्हते. महिनाभर काळा चष्मा लावला त्याने, बस. खटला चालला तेव्हा घरमालकीण साक्षीला आली, पदर कपाळावर ओढून, आणि दीड वर्षात कोणत्या दिवशी तिला काय ऐकू आलं ते सगळं तिने सांगितलं. तिला एकूण एक आठवत होतं. मग तिने जजसाहेबांसमोर हात जोडले आणि म्हणाली की मी तेव्हा वर गेले नाही, हेही लिहा. आम्हाला वेगळं व्हायला चार वर्षं लागली. गाडी त्याला परत मिळाली. माझा डावा कान परत आला नाही.

मात्र एक काम मी त्याच्याही आधी केलं होतं. घर सोडल्यावर दोन आठवड्यांनी, वडील सोबत असताना, मी प्रताप नगरच्या त्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेले. त्याच्या ओठाला टाके होते, बोलताना हवा निसटत होती. त्या शनिवारी काय झालं ते त्याने सांगितलं, मग मी त्याला सगळं सांगितलं. रिंग माझ्याकडे होती, मला ठाऊक होतं, मी दिली असती तर माझा नवरा तुमच्याकडे आलाच नसता.

तो हातातलं चाक फिरवत ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने चाक थांबवलं.

"आपको मारता था, ये सबको मालूम था," तो म्हणाला. "आप भी जानती थीं कि वो मारता है. फिर उसको मेरे पास आने दिया."

वडील पुढे होऊन म्हणाले, "भाईसाहब, लड़की माफ़ी माँगने आई है."

"माँग ली," मिस्त्री म्हणाला. "अब जाइए. मुझे काम है."

आम्ही रिक्षाने निघालो. खातीपुऱ्याला उतरताना वडील म्हणाले, "तो बरोबर बोलला." मी म्हणाले, "हो." मग आम्ही जिना चढून वर गेलो, आणि काकूंनी ताटं घेतली होती, तर जेवायला बसलो.